आळणी सूप

(दुपारचा एक. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सासू आणि सून. दोन वाट्या सूप, पाव. कुणीच हात लावलेला नाही.)

सून : आई, पाया पडते तुमच्या. काहीही बोला आणि एक घोट घ्या.

सासू : काहीही कसं बोलू? प्रार्थना आहे ती.

सून : इन्सुलिन टोचून चाळीस मिनिटं झाली! कपाळ बघा, घामानं डबडबलंय. साखर उतरतेय तुमची.

सासू : कळतंय मला. रोज आधी आभार, मग सुई, मग जेवण. आज तू आधी सुई दिलीस.

सून : चुकले! लाँड्रीतून धावतपळत आले, परत दोनला पोचायचंय, डोकं ठिकाणावर नव्हतं. पण मला काय ठाऊक तुम्ही आज अशा अडून बसाल?

सासू : अडून नाही गं बसले. सापडत नाहीये. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस, रोज जेवणाआधी एका गोष्टीचे आभार मानायचे. मानलेलं पुन्हा मानायचं नाही, आणि खोटं बोलायचं नाही.

सून : नियम तुमचाच ना? मग मोडा की!

सासू : तुझा नवरा तेव्हा सात वर्षांचा होता. आदल्या दिवशीचंच पुन्हा म्हणाला, तर मी त्याला संध्याकाळपर्यंत ह्याच खुर्चीवर उपाशी बसवलं. शेवटी बाथरूमच्या कडीचे आभार मानून जेवला. त्याच्यावर नियम लादला आणि आज स्वतःसाठी मोडू? कुठल्या तोंडानं?

सून : तो नाहीये आता बघायला.

सासू : म्हणूनच.

सून : बरं, माझ्यासाठी शोधा. उजेड आहे. छप्पर आहे.

सासू : पहिल्या आठवड्यात होऊन गेलं ते. नवव्या दिवशी तो शिडीवरून पडला. त्यानंतर काय काय शोधलं मी, तुला माहीत आहे. तडफडला नाही, म्हणून आभार. चेहऱ्याला लागलं नव्हतं, म्हणून आभार. शवपेटी उचलायला सहा जण मिळाले. त्या दिवशी पाऊस नव्हता. सकाळी निघताना त्यानं मला हाक मारली होती. खरवडून खरवडून काढलं गं सगळं. आज तेविसावा दिवस. आत काही उरलं नाही.

सून : हात थरथरतायत तुमचे. आई, निदान साखरपाणी घ्या, ते काही जेवण नाही.

सासू : तोंडातच जातं ना ते?

सून : मी जबरदस्तीनं ओतीन हं!

सासू : ठसका लागेल. दवाखान्याची गाडी बोलावलीस ना?

सून : पाऊण तास लागेल म्हणाले. पाऊण तासात तुम्ही... आई, खरं सांगा. मरायचंय तुम्हाला?

सासू : नाही. मला नुसतं बोलता येत नाहीये. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, चुकीचा शब्द डोळ्यांपुढून जाऊ दिला नाही. आता देवापुढे कसा जाऊ देऊ? तू बोल आधी. तुझं छान जमतं. काल म्हणालीस, नळाला पाणी वेळेवर आलं.

सून : छान जमतं?

सासू : मग काय. परवा शेजारीणबाईंनी पाव दिला त्याचे. त्याआधी ऊन पडलं त्याचे. सावरलीस तू. मी मेली म्हातारी तुझ्यासमोर रडायचं नाही म्हणून दात आवळून बसते.

सून : खोटं होतं ते.

सासू : काय?

सून : सगळं खोटं! चौदा दिवस रोज ह्या टेबलाशी खोटं बोलतेय मी. मला काय करायचंय नळाचं? ऊन पडलं, बरं मग? मला तो हवाय! डोळे मिटते आणि मनात म्हणते, तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला. आणि वर मोठ्यानं आमेन म्हणते. का, तर तुम्ही जेवावं म्हणून! आता एका महिन्यात दोघांना पोचवू मी? नाही जमणार. तुम्ही गेलात तर ह्या घरात मला जेवलीस का विचारणारं कोण आहे? सांगा ना!

सासू : देवाला असं म्हणतेस मनात?

सून : हो. वाईट वाटलं तर वाटू दे.

सासू : कधीपासून?

सून : त्याला घरी आणलं त्या दुपारपासून.

सासू : मी दफनभूमीतून आले तेव्हापासून. ह्या टेबलावर बोलते तेवढंच. एरवी देवाशी शब्द नाही. रात्री त्याच्याकडे पाठ फिरवून झोपते.

सून : तुम्ही?

सासू : मला वाटलं, घरात मी एकटीच अशी. पोरीला कळलं तर तिची श्रद्धा उडेल, म्हणून गप्प राहिले. थांब. डोळे मीट.

सून : आई, वेळ नाहीये...

सासू : मीट म्हणते ना. देवा, तुझ्यावर रागावलेली मी ह्या घरात एकटी नाही, त्याबद्दल तुझे आभार. आमेन.

सून : आमेन.

सासू : हे खरं आहे. आण ते साखरपाणी. पेला तू धर, मला नाही धरवत.

सून : सावकाश. सगळं प्या. अजून. हं, आता सूप. तोंड उघडा.

सासू : तू घे ना आधी.

सून : आई!

सासू : बरं, बरं.

सून : गार झालंय का फार?

सासू : गार आहे. आळणी पण आहे.

सून : मीठ विसरले वाटतं. मला हल्ली चवच कळत नाही.

सासू : चौदा दिवस विसरतेयस. दे, भरव.