अंगणातली मूठभर माती

—असं म्हणता? नागपूरहून पळत आलात, शहीद जवानांच्या घरची माती गोळा करत? बसा, बसा. मंग घाम काऊन नाई आला? मागच्या वळणावर गाडीतून उतरलात का? रागावू नका. मी बापूराव, एकोणतीस वर्षं तहसीलात आवक-जावकवर होतो. माणसाचं तोंड पाहून सांगतो, कोणता कागद कमी आहे त्याचा. अन् माती कुठून देऊ तुमाले? आमचा रत्नदीप गेला, तवा मोठे साहेब येणार म्हणून पंचायतीनं एका दिवसात अंगणात फरशी बसवली. पोरगं जिथं खेळलं ते सारं फरशीखाली. कुंडीतली चालंल? ती हिंगणघाटच्या नर्सरीची आहे—तिनं देशासाठी काईच केलं नाई.

हसता काऊन? तुमच्याआधी तिघं येऊन गेले—एक सायकलवर, एक मोटरसायकलवर, अन् एक तर उलटा चालत. शाल, नारळ, फोटो. एकजण मले म्हणे, काका, थोडं दुःखी दिसा. तुमच्यासंग फोटोवाला नाई, याचीच मले जास्त शंका येऊन राह्यली.

काय म्हणता? एकाच बराकीत होते तुमी दोघं? बर्फ कोसळला त्या दिवशीही? हे आधी काऊन नाई सांगितलं! अन् माह्याबद्दल बोलायचा—काय बोलायचा? नाई, हळू बोला, आत त्याची माय आहे, आनंदाबाई. फॉर्मचं बोलला का काही? भरतीच्या? काई नाई, सहज विचारलं. म्हणजे सेतू केंद्रात मीच गेलतो—सारे रकाने मीच भरले, त्याले समजलं ते थेट प्रवेशपत्र आल्यावर. त्याले इथं अल्लीपुरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. दुकान! क्लार्कच्या पोरानं! दोन दिवस जेवला नाई. मंग एका सकाळी उठला अन् सडकेनं पळाले लागला. मी सायकलवर मागं, हातात घड्याळ. मले वाटलं, राग गेला. गेलताच ना? तुमाले सांगितलं असंल त्यानं.

आनंदाबाई साऱ्यायले सांगते, पोरानं आपल्या मनानं फॉर्म भरला. शाळेत झेंड्याले बोलावतात, तिथंही तेच. सहा वर्षं तेवढ्यावर जगून राह्यली ती. आता पाणी घेऊन येईल, तुमाले विचारंल—तर सांगजा, फौजेत खुशीनं आलता म्हणून. एवढंच. सांगाल ना?

बोला ना. नाई म्हणून मान काऊन हलवता?

बरं. उठा. नाई, मातीचं राहू द्या आता. उन्ह तापून राह्यलं, निघा तुमी. ती चप्पल माही, तुमचे बूट तिकडं—हो, ते घाला, लवकर घाला.

काई नाई गं, आनंदा! ने तो गिलास परत. त्यायले तहान नाई.