तुकडा धरेपर्यंत

—बसा हो दादा, आत्ताच तर बाहेर जाऊन आलात. बिडीचा वास येतो की. येऊ द्या — उलट बरं वाटलं, घरातल्यासारखं. तुमचंही हिरडीचंच ना? मग ऐका. आमच्या ह्यांनी पुढचा दात बसवून घेतला, स्क्रूवाला, तर वर्षभरात हिरडी अशी वर सरकली की आतलं लोखंड दिसायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी टाळूचा तुकडा काढून तिथं शिवला आणि बजावलं, बिडी बंद — धुरानं हिरडीला रक्त पोचत नाही, तुकडा सुकून जातो. गेलाच की सुकून. हे गोठ्यामागं ओढत होते आणि मला म्हणे, डासांसाठी धूर केलाय. आता पुन्हा शिवलाय, आत टाके काढतायत. धरला तर धरला, नाहीतर बाई म्हणाल्या, स्क्रूच काढावा लागेल.

ह्या खेपेला शिवायच्या आधी मी काय केलं? देवीलाच मध्ये घातलं. माझे उपास-वार फार, तिची-माझी ओळख जुनी. ह्यांना मोहट्याला, तिच्या देवळात नेलं, म्हटलं, तिच्यापुढं एक वस्तू सोडा. सोडली — कारलं. जन्मात कधी तोंडात घातलं नाही ते. हसा, हसा, मीही तिथंच हसले. आणि हसता हसता म्हटलं, आई, मग मी चहा सोडते, ह्यांचा तुकडा धरेपर्यंत. ह्यांचं तोंडच उतरलं. का? अहो, दिवस मावळला की ओट्यावर आमची बैठक — माझी कपबशी, ह्यांची बिडी. काष्टीला शेतात बोरी आहेत आमच्या, कलमं ह्यांनीच बांधलेली. घरी येताना एवढंच म्हटलं, नव्या कलमाखाली कुणी शेकोटी पेटवतं का? तेव्हापासून बिडीला हात नाही.

चांगलंच झालं. हो, चांगलंच की. फक्त — हे बोलायचे ते त्या ओट्यावरच. बाजाराचं, बोरांचं, कोण काय म्हणालं ते. बिडी विझली की उठायचे. आता जेवतात आणि आडवे होतात. परवा मी देवापुढचा धूप मुद्दाम ओट्यावर नेऊन ठेवला, म्हटलं, वासानं तरी येतील — हे बाईंना सांगू नका हं, रागावतील. आणि देवीला तरी काय सांगायचं, नवस फळतोय पण माणूस मुका झाला? तसं म्हणू नये. देईल ती. पिशवीत? फ्लास्क आहे. चहा, दोन कप. तुकडा धरणार म्हणूनच भरून आणलाय. कोमट झाला असेल, ह्यांना तेच बरं.

आले, आले. काय म्हणाल्या हो बाई? बघू — ओठ वर करा. गुलाबी दिसतोय की. धरलाय म्हणाल्या? आई, तुझी कृपा. बसा, हा कप धरा. काय? परवा ओट्यावर काय?

दादा, तुम्ही जरा त्या बाकड्यावर सरकता का — हे काहीतरी बोलतायत.