सासऱ्यांच्या फाइलची मुदत

जबाब देणार: हरवलेल्या इसमाची सून, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी (ऑफिसात एक्सेलचे काम), राहणार लाँड्रीच्या वर, तिसरा मजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व सासरे असे राहतो. सासरे निवृत्त ड्राफ्ट्समन असून त्यांना विसरण्याचा आजार आहे. त्यांच्यासाठी मीच एक्सेलची फाइल केली होती. रोज सकाळी ती उघडून ते वाचत: आपण कोण, घर कुठले, गोळी कोणती, गॅसला हात लावायचा नाही, बायको वारली. शेवटची ओळ वाचून ते रोज नव्याने रडत. मग चहा पीत. दिवस निभावून जाई.

त्यांना संस्थेत ठेवावे, असे माझे म्हणणे होते. पती म्हणत, "बाबांचं व्यवस्थित चाललंय की! तुझ्याच डोक्यात खूळ." माझ्या फाइलमुळे चालले होते, हे ते सोयीस्कर विसरत. मला दोघांचाही वीट आला होता.

आमच्या ऑफिसात गिऱ्हाइकाला दरपत्रक पाठवताना त्यात मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा कोड, घालतात. ठरलेली तारीख उलटली की फाइल उघडताच स्वतःला पुसून टाकते. तोच कोड मी कालपर्यंतची मुदत टाकून सासऱ्यांच्या फाइलमध्ये घातला. तो चालायला वरच्या पिवळ्या पट्टीतले बटण दाबावे लागते. ते दाबायला मी त्यांना आठवडाभर शिकवले. तेवढे मात्र ते विसरले नाहीत.

आज पती कामावर गेल्यावर त्यांनी बटण दाबले. फाइल गेली. "सूनबाई, माझं वाचायचं कुठे गेलं?" मी म्हटले, "संपलं, बाबा." आज ते रडले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून म्हणाले, "ही अजून आली नाही बाजारातून. पिशव्या जड असतील, घ्यायला जातो." मी दार उघडून दिले. "सावकाश या," असेही म्हटले. कोणीतरी आणून सोडेल आणि पतींचे डोळे उघडतील, असा माझा हिशोब होता.

त्यांच्या खिशात पत्ता नाही. पत्ता फाइलमध्ये होता. फाइलची प्रत आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, आहे, माझ्याकडे. सासरे मिळाल्यास त्यांना परस्पर संस्थेत पोचवावे, ही विनंती.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा पती शेजारच्या बाकावर बसले होते. मी सांगितला तसाच आहे, बरोबर आहे.