सोळाचं तेल

नाही, पण मला एक सांगा, सोळा हा काय आकडा झाला? पन्नास म्हटलं की कसं, माणूस सावरून बसतो, चाळिसाला मान आहे, तिसापर्यंत मी मुकाट खाली उतरलो, विसाला दातओठ खाल्ले पण शब्द काढला नाही, आणि आता म्हणे सोळा! इंजिनाचं तेल हो! तुमचा गॅरेजशी संबंध नसेल तर एवढंच लक्षात ठेवा, की डब्यावरचा शेवटचा आकडा म्हणजे तेलाचा दाटपणा, आकडा मोठा तर तेल दाट, आकडा लहान तर तेल पातळ, बाकी सगळी छपाई ही डबा रिकामा दिसू नये म्हणून. मी धंद्यात आलो तेव्हा पन्नासचं तेल होतं. काय तेल होतं! डबा उलटा करून जेवायला जावं, जेवून यावं, तरी धार डब्याच्या तोंडाशीच उभी, विचार करतेय, उतरू की नको... एकदा तर तुम्हाला सांगतो, एक माशी त्या धारेवर बसली आणि धारेबरोबर इंजिनात पोचेपर्यंत म्हातारी झाली. हसू नका, या डोळ्यांनी पाहिलंय. आणि आता? सोळा हो, सोळा!

तर आमच्या गल्लीत माझं सोडून सात गॅरेजं आणि गल्लीचा रिवाज असा, की नव्या तेलाचा डबा फुटला की पहिला थेंब माझ्या बोटावर. अंगठा आणि तर्जनी, असं चोळायचं, डोळे मिटायचे, मी मान हलवली की मगच ते तेल इंजिनात. हा मान मला कोणी उगाच दिलेला नाही. तेवीस वर्षांपूर्वी एका ट्रकचं जळकं तेल चोळून मी सांगितलं, "या गाडीचा ड्रायव्हर डाव्या पायाने लंगडतो." गल्ली गार! आता तो लंगडत येताना मला आधीच आरशात दिसला होता, हे त्या वेळी सांगायचं राहून गेलं, आणि अशी गोष्ट एकदा राहिली की राहिलीच. मग पुढे काय, तेल चोळून मी गाडीचं वय सांगितलं, मालकाचा स्वभाव सांगितला, एकाला तर त्याच्या सासूची तब्येत सांगितली. लोक मानत गेले, मी सांगत गेलो.

आणि गल्लीच्या तोंडाशी तेलवाल्याचं दुकान. माझा दोस्त. बावीस वर्षं रोज चार वाजता त्याच्या दुकानातल्या रिकाम्या पिंपावर बसायचं, चहा घ्यायचा, मी बोलायचं, त्याने ऐकायचं. माणूस सोळा आणे खरा. अहो, दुकानदाराने इतकं खरं बोलू नये! गिऱ्हाईक विचारतं, "तेल चांगलं आहे ना?" तर हा म्हणतो, "मला काय माहीत? मी पिऊन बघितलेलं नाही." गिऱ्हाईक म्हणतं, "मग हा डबा घेऊ?" हा म्हणतो, "नको, दोन वर्षं पडून आहे." माझ्या सगळ्या थापा त्याने ऐकल्या आणि एकीलाही खोटं म्हणाला नाही, नुसतं "हं" म्हणायचा. पण त्या "हं"मध्ये, तुम्हाला सांगतो, अख्खं कोर्ट भरलेलं असायचं.

झालं काय, की मुख्याध्यापिकाबाई आल्या. शाळेच्या हो, पलीकडच्या. नवीकोरी गाडी, पहिलंच तेल बदलायचं. मी तेलवाल्याकडे निरोप धाडला, गाडी अमुक अमुक आहे, तेल दे. त्याने डबा दिला. मी डबा फोडला, थेंब बोटावर घेतला, डोळे मिटले... आणि काहीच नाही! अहो, थेंब होता कुठे? बोटावर बोट घसरलं! मी म्हटलं सांडला असेल, दुसरा घेतला, तोही तसाच. आजूबाजूला चार गॅरेजवाले उभे, वेल्डर माझ्या तोंडाकडे बघतोय, "काका, काय म्हणतंय तेल?" आता काय म्हणतंय! तेवीस वर्षांत पहिल्यांदा तेल माझ्याशी बोलत नव्हतं. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? डबा वाचावा. मी डबा वाचतो का? ज्याला बोटं आहेत तो डबा कशाला वाचेल?

मी तो डबा उचलला, भर चार वाजता तेलवाल्याच्या दुकानात गेलो, आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या टेबलावर आदळला. म्हटलं, "भेसळ! रॉकेल मारलंय यात! बावीस वर्षांची दोस्ती आणि मला पाणी पाजतोस?" तो आधी डब्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. म्हणाला, "सोळाचं आहे ते. मापं बदलली." मी म्हटलं, "सोळा? सोळा असं तेल असतं का? उद्या आठ म्हणशील!" तो म्हणाला, "आठही आलंय." अहो, गल्ली हसली! मला वाटलं, माझ्यावरच हसतायत. मग माझा तोल गेला, मी म्हणालो, "हा माणूस भेसळ करतो, हे माझं बोट सांगतंय!"

त्यावर त्याने "हं"सुद्धा केलं नाही.

परत येऊन मी तो डबा कोपऱ्यात टाकला आणि बाईंच्या गाडीत माझं जुनं पन्नासचं तेल ओतलं, काळजी नको म्हटलं, आता इंजिन कसं तूप खाल्ल्यासारखं चालेल. आणि गल्लीचं काय विचारता! माझ्या बोटाने सांगितलं म्हणजे संपलं. दुसऱ्या दिवसापासून सातच्या सात गॅरेजांनी तेल बाजारातून आणायला सुरुवात केली. तेलवाला दुकान उघडायचा, फडक्याने डबे पुसायचा, संध्याकाळी बंद करायचा. मी चार वाजता मुद्दाम उलट्या बाजूला तोंड करून चहा प्यायचो. बायको म्हणाली, "अहो, चहा का राहिला अर्धा?" मी म्हटलं, "पातळ आहे." ती म्हणाली, "चहा रोजचाच आहे. तुमचं काय पातळ झालंय ते बघा." बघा, बायकांना हे कसं कळतं?

आठव्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई दारात. गाडी घरघरतेय, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय, आणि बाईंच्या हातात गाडीचं पुस्तक. मी म्हटलं, "बाई, दिवाच खराब असेल." बाई म्हणाल्या, "पान दोनशे चौदा." मी म्हटलं, "काय?" "उघडा. वाचा. मोठ्याने." आता माझं वय त्रेपन्न, हाताखाली दोन माणसं, पण तुम्हाला सांगतो, त्या आवाजाला माझे पाय आपोआप जुळले! वाचलं. या इंजिनात सोळाचंच तेल घालावं. याहून दाट तेल घालू नये. "‘घालू नये’ पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. मग बाईंनी मला समजावलं, गॅरेजवाल्याला, मला! "हे बघा, नव्या इंजिनातल्या फटी केसाएवढ्या. तुमचं दाट तेल म्हणजे बोळातून हत्ती. तो आत शिरेपर्यंत इंजिन बिचारं कोरडं घासतंय. पातळ तेल पटकन पोचतं, इंधनही कमी लागतं. म्हणून मापं खाली आली. समजलं?" मी म्हटलं, "समजलं, बाई." "काय समजलं?" "सोळा, बाई."

सोळा हो, सोळा!

गाडी आत घेतली, पन्नासचं सगळं उपसलं आणि तोच, तेलवाल्याचा, मी भेसळ म्हणून कोपऱ्यात टाकलेला डबा ओतला. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं की नाही हे मला वाकून बघावं लागलं, इतकं शांत. दिवा गेला, बाई गेल्या, आणि मी तिथेच स्टुलावर बसलो. म्हटलं, मेलो! बोट चुकलं. आणि चुकलेल्या बोटाने मी एका माणसाचं दुकान बुडवलं.

तेलवाल्याकडे गेलो. तो खोक्यात डबे भरत होता. म्हटलं, "हे काय?" म्हणाला, "महिनाअखेर दुकान सोडतोय. भेसळवाल्याकडे कोण येणार?" अगदी साधं बोलला हो, भाव विचारल्यासारखं. मी सगळं सांगितलं, पान दोनशे चौदासकट. म्हटलं, "चुकलो. चप्पल काढ आणि मार." तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. त्यांना सांग." आणि गल्लीकडे बोट दाखवलं.

तुम्हाला कळतंय ना, तो काय मागत होता? तेवीस वर्षांचा मान! पण म्हटलं ठीक आहे, दोस्तापुढे बोट काय चीज आहे. निघालो. पहिला वेल्डर. म्हटलं, "ऐक, माझं बोट चुकलं. तेल चोख आहे. मापं बदललीत." तो माझ्याकडे बघतच राहिला, मग त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. "काका, काय मोठं मन तुमचं! मित्राचं दुकान वाचावं म्हणून स्वतःवर घेताय?" मी म्हटलं, "अरे, खरंच चुकलो!" "बस काका, अजून बोलू नका, मला रडू येईल." पुढचा, बॅटरीवाला. तो हुशार. हळूच म्हणाला, "धमकी दिली का त्याने तुम्हाला?" तिसऱ्याला मी फटी, हत्ती, बोळ, सगळं समजावलं, तर तो पोट धरधरून हसला, "तेल पातळ ते बरं? काका, आजची गोष्ट जमली नाही बरं का. लंगड्याची जास्त चांगली होती." सात गॅरेजं फिरलो, सात! आयुष्यात मारलेली एकही थाप वाया गेली नव्हती, आणि आता एक खरी गोष्ट घेऊन दारोदार फिरतोय तर कोणी भीक घालेना!

रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "खरं बोलायची सवय नाही ना तुम्हाला, सांगताना चेहरा पडत असेल. पडलेल्या चेहऱ्यावर कोण विश्वास ठेवेल?" आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. चुकीचा पडला, पण पडला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर वेल्डरला जवळ बोलावलं, इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला. म्हटलं, "काल मी खोटं बोललो. तू ओळखलंस." तो खूश! म्हटलं, "खरं सांगू? कुठे बोलू नकोस. ते तेल गाडीचं नाहीच. उपग्रहाचं आहे. वर आभाळात थंडी किती! तिथे पन्नासचं घातलं तर गोठून वीट होईल. म्हणून पाण्याहून पातळ. एक थेंब घातला की उपग्रह वीस वर्षं फिरतो, कधी गॅरेजला आलेला बघितलायस का उपग्रह?" तो म्हणाला, "नाही हो!" "मग! त्यातलं उरलेलं आपल्या तेलवाल्याला ओळखीने मिळतं. म्हणून तो गप्प असतो. मी मुद्दाम भेसळ म्हणून ओरडलो, बाहेरच्यांची नजर पडू नये म्हणून."

काय सांगू तुम्हाला! दुपारी तीनला टपरीवर बोललो, चारला तेलवाल्याच्या दुकानापुढे रांग! सातही गॅरेजं, वर पलीकडच्या रस्त्यावरचे दोन रिक्षावाले, ज्यांच्या इंजिनाला ते तेल चालतही नाही! मी लांबून बघतोय, छाती भरून आली, म्हटलं वाचलं दुकान. खोकी परत उघडली गेली, डबे फळीवर चढले. पंधरा दिवसांत त्याला एक माणूस मदतीला ठेवावा लागला. मीच ठरवलं, आता जावं, हक्काने पिंपावर बसावं.

गेलो. तर हा चेहरा पाडून बसलेला. मी म्हटलं, "आता काय? गिऱ्हाइकं आली ना?"

तो म्हणाला, "आली. बॅटरीवाला आला, म्हणाला, ‘ते वरचं तेल द्या.’ मी म्हटलं, वरचं वगैरे काही नाही, साधं मोटारीचं तेल आहे, माप नवीन आहे. तर त्याने डोळा मारला. म्हणाला, ‘कळलं कळलं, आम्ही नाही बोलणार.’ रिक्षावाल्यांना म्हटलं, तुमच्या इंजिनाला हे घालू नका, नुकसान होईल. तर ते म्हणाले, ‘आमच्यापासून लपवताय?’ आणि दोन-दोन डबे घेऊन गेले. बावीस वर्षं गिऱ्हाइकाशी खरं बोलतोय. भेसळवाला म्हणालास तेव्हा लोक निदान लांब तरी राहायचे. आता मी खरं बोललो की सगळे डोळा मारतात."

बावीस वर्षांत हा माणूस एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. मी म्हटलं, "दोस्ता, तू म्हणशील ते करतो. आत्ता उठतो, गल्लीत उभा राहतो, आणि सगळ्यांना काय ते खरं सांगून टाकतो."

त्याने चहाचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "कोणाच्या तोंडाने?"

मी पेला उचलला. गप्प बसलो. चांगला अर्धा तास गप्प बसलो. खरंच बसलो हो... नाही पटत? राहू दे, आमच्या बायकोलाही नाही पटलं.