लक्ष्मणकाकाचं कुलूप

...नाई, माह्याच कारखान्यात, माह्याच मशीनवर कुलूप, अन् चाबी माह्यापाशी नाई! मालक कोण? मी! तुमाले सांगतो राजेहो, तळेगावात शोभा झाली माही!

पऱ्हाटीचे, म्हंजे कपाशीच्या वाळल्या झाडाइचे, ठोकळे करणारी प्रेस बनवली आम्ही, रोहण्याच्या अण्णाजीसाठी. पऱ्हाटीचा भुसा टाका, तेलाच्या दाबानं लोखंडी पाट खाली येते, की जळणाचा ठोकळा तयार! आज न्याची होती. ट्रॅक्टर दारात, नारळ तयार, अण्णाजी म्हणे, 'चालवून दाखवा, मगच नेतो'... अन् मेन स्विचवर पितळी कुलूप लोंबकळून राह्यलं! कोणाचं? लक्ष्मणकाकाचं. आमचे फोरमन. कालच रिटायर झाले! काल सकाळी त्याइनं प्रेसचा पाइप बदलला, कुलूप लावलं, चाबी खिशात. तेवढ्यात आम्ही त्याइले सत्काराले ओढून नेलं, शाल घातली, काका रडले, मी रडलो, चिवडा खाल्ला, अन् काका चाबीसकट घरी!

अण्णाजी म्हणे, 'धनंजयभाऊ, एका कुलपापायी अडून राह्यले काय? मारा ग्राइंडर!' घेतला ना मी ग्राइंडर हातात! पण कानात काकाचा आवाज... 'ज्याचं कुलूप, त्यानंच खोलाचं!'

लय छळलं हो त्या माणसानं मले! नवा होतो तवा गळती पाहाले पाइपाले बोट लावाले गेलो, तं असे खेकसले! 'बोट नाई, पुठ्ठा धर! दाबाचं तेल सुईवानी कातडीत घुसते!' बरं, मोटर बंद केली, झालं ना? नाई! 'पाटाले टेकू लावला? दाब सोडला? काटा शून्यावर आला? मले काऊन सांगतं, तूच पाह्य!' आता घरी मी वाफ जाईपर्यंत कुकर खोलू देत नाई. बायको म्हणते, 'लक्ष्मणकाकाइनं बिघडवलं तुमाले!'

पण एक दिवस... हा हात पाहा. हाच, पाटाखाली होता, कोपरापर्यंत. आमचा कामगार कवडू जेवून आला, त्याले वाटलं मशीन मोकळी आहे, गेला स्विचकडे. 'हे कोणाचं कुलूप आहे बे?' माहं होतं! काकाइनं बळजबरी लावाले लावलेलं! ते नसतं तं हा हात आज नसता. मी ग्राइंडर ठेवला खाली. काकाबिगर कारखाना नुसता टिनाचा डब्बा वाटून राह्यलता मले.

फोन लावला. 'काका, चाबी?' त्याइचा पहिला प्रश्न काय? 'कोणाचा हात तं नाई ना आत? थांब, मीच येतो.' अन् आले! कालच निरोप दिलेला माणूस, आज जेवणाचा डबा घेऊन! सगळ्याइले मागं सारलं, वाकून वाकून पाहिलं, मग कुलूप खोललं, मशीन चालू करून पाइपाच्या जोडापाशी पुठ्ठा फिरवला. ठोकळा पडला, नारळ फुटला, मशीन ट्रॅक्टरवर चढली!

म्हणलं, 'काका, आता आराम करा.' 'हो, हो,' म्हणे. मी अण्णाजीले फाटकापर्यंत सोडून येतो, तं... बाजूच्या मशीनवर पितळी कुलूप!

'काका, हे काऊन?'

'एक जोड ओला दिसून राह्यला. आज उशीर झाला. उद्या पाहू.' अन् चाबी खिशात!

ज्याचं कुलूप, त्यानंच खोलाचं... शाल तेवढी वाया गेली, दुसरं काय!