कोंबड्यांनी चोच पुसली

नाही हो, रोपं नकोयत मला – म्हणजे घेईन, दोन मिरचीची घेईन, पण आधी आत या. टेम्पो राहू दे दारातच, कोण नेतंय तुमची वांग्याची रोपं – या, इकडून, अंगण मागे आहे. आणि ते फाटक ओढून घ्या हं, कडी लावा नीट. शेजारचा बोका टपलेला असतो. माझी सोनेरी कोंबडी अशीच नेली त्यानं, मी जरा पाठ फिरवली तेवढ्यात. तेव्हापासून नियमच आहे माझा, घरात कुणी मेलं तरी आधी कडी लावायची – काय बोलतेय मी हे. शुभ बोल रे नाऱ्या म्हणतात ते उगीच नाही. जाऊ दे. लावलीत ना कडी?

हा बघा. हा वेल. मी लावलेला नाही हं, आपला आपण आला. घरातली सगळी सालं-बिया मी कोंबड्यांपुढे टाकते, त्या उकरत बसतात, खाली त्यांचं खत आहेच – एक दिवस बघते तर पाण्याच्या पातेल्याशेजारी दोन जाड पानं वर आलेली. मला वाटलं दोडका असेल. उपटणारच होते, पण त्या तुरेवालीनं त्याच्यावर चोच मारली आणि मला उगाच दया आली – फुटकी टोपली पालथी घातली त्याच्यावर. मग काय, भटाला दिली ओसरी. टोपलीतून बाहेर, कुंपणावर, खुराड्याच्या पत्र्यावर. तुम्ही रोपवाले, तुम्ही सांगा, कसला आहे? – भोपळाच ना? मीही तेच म्हटलं! दुधी असता तर फूल पांढरं आलं असतं, पान मऊ लागलं असतं. काकडीचं फूल एवढंसं असतं. याचं बघा, चांगलं ओंजळभर, पिवळंधमक, आणि पान हाताला टोचतं. भोपळाच. म्हणजे मी ओळखला बरोबर. मग झालं तर. मग काही काळजी नाही. – नाही ना?

बी? बी माझंच की. गेल्या वर्षी इथे कुंपणाला माझे हिरवे भोपळे होते, एकदम गोड, त्यातल्याच बिया पडल्या असणार. – पलीकडे? पलीकडे पोस्टमनची बायको राहते. तिनं लावले होते ते शोभेचे, पट्ट्यापट्ट्यांचे, मुठीएवढे, टोपलीत मांडून ठेवतात ते. खायचे नसतात म्हणे. हो, त्याच वेळी. हो, कुंपणाला लागूनच, आता मधमाशी काही कुंपण बघून – असे का बघताय तुम्ही? अहो, फळ दिसायला अगदी माझ्या भोपळ्यासारखं आहे, हे बघा, हे खालचं. जरा लांबट आहे, आणि देठापाशी ही एक पट्टी आहे, पण ती काय, पट्टी कुठेही असते.

म्हणजे अशी दोन जातींची सरमिसळ होऊन आपोआप आलेल्या वेलाचं फळ खायचंच नाही? – चाखून? देठाकडची फोड चाखायची, कडू लागलं की फेकायचं, असंच ना? माहीत आहे हो मला. ते काय मला माहीत नाही? आयुष्य गेलं चुलीपुढे. शिजवलं तरी जात नाही कडू, हेही माहीत आहे. तुमच्या मावशीला? रक्त पडलं उलटीतून? एका वाटीनं? – नका ना सांगू असलं. बरं, मग पुढे? वाचल्या ना? – नका सांगू, राहू दे.

ऐका, मी तुम्हाला कशाला बोलावलं ते सांगते. माझ्या कोंबड्या काय वाट्टेल ते खातात. ती लंगडी आहे ना, तिनं यांच्या चपलेचा अंगठा खाल्लाय. मागे एकदा पांढऱ्या थर्माकोलचा डबा होता, तो फस्त केला सगळ्यांनी मिळून आणि दुसऱ्या दिवशी अंडी घातली, काही लाजबिज नाही. आज सकाळी मी या वेलाची सालं टाकली त्यांच्यापुढे, बिया, आतला गर, सगळं. धावत आल्या. तुरेवालीनं एक तुकडा उचलला – आणि टाकला. आणि चोच मातीवर पुसली. अशी, या बाजूनं, त्या बाजूनं, पुसतच राहिली. मग दुसरीनं. मग लंगडी नुसती वास घेतल्यासारखी उभी राहिली आणि निघून गेली. ते बघा, अजून तसंच पडलंय. माशा बसल्यात नुसत्या. तेव्हापासून मी नुसती आत-बाहेर करतेय. सांगू कुणाला? मग तुमचा भोंगा ऐकला – 'रोपं घ्या रोपं' – आणि धावले.

हो. केली. भाजी केली सकाळी. एक फळ तोडलं, चिरलं, केली, यांच्या डब्यात दिली. हे म्हणजे आमचे – घड्याळजी, बाजाराच्या टोकाला ते अरुंद दुकान आहे ना, तेच. सगळी भाजी डब्यातच घातली, माझ्यासाठी ठेवलीच नाही, मला अलीकडे खावंसंच वाटत नाही. पण अजून वेळ आहे. त्यांचं ठरलेलं आहे, कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला की हातातलं घड्याळ खाली ठेवायचं आणि डबा उघडायचा. भोंगा झाला नाही अजून. मी कान देऊनच आहे. घरात वेळ कळायला एक घड्याळ धड असेल तर शपथ, घड्याळजीचं घर ना हे – आणि फोनवर वेळ बघायची मला सवय नाही, म्हणून मी भोंग्यावरच चालते.

तर तुम्ही एवढं करा. देठाकडची ही फोड चिरताना राहिलीय, ही घ्या. खायची नाही, नुसती जिभेच्या टोकाला लावा आणि थुंका. – मी का नाही? माझं तोंड आलंय. जीभ सोललीय नुसती. काल काहीतरी गरम – अहो, लावा ना! एवढ्याशानं काय होतंय! मी हात जोडते.

थुंका, थुंका! इथेच थुंका, हा नळ, चूळ भरा – अजून भरा. एवढं? घशापर्यंत? देवा.

पण मग त्यांना पहिल्याच घासाला कळेल. कळेलच ना? कुणीही थुंकेल, आता तुम्ही थुंकलात तसं. – हो, तेच मी मनाला समजावतेय सकाळपासून. पण तुम्ही ओळखत नाही यांना. या माणसानं उभ्या जन्मात पानातलं काही टाकलेलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी भात करपवायचे, तो हे गुपचूप खायचे. चांगलं म्हणायचे नाहीत, वाईट म्हणायचे नाहीत, ताट चाटूनपुसून स्वच्छ. हे आत्ता आत्ता, उन्हाळ्यापासून, नवीनच सुरू झालंय – रोज संध्याकाळी डबा पुढे ठेवतात आणि म्हणतात, छान झाली होती. रोज! मला वाटलं, म्हातारपणी गोडवा आला माणसाला.

नाही आलेलं हो माझं तोंड. खोटं बोलले. मला चव कळत नाही. उन्हाळ्यात तो ताप आला, तो गेला आणि चव घेऊन गेला, वासही. साखर खाल्ली काय, माती खाल्ली काय. मीठ मी चमच्यानं मोजून घालते, फोडणी रंगावरून ओळखते. कुणाला बोलले नाही. बोलून काय? माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी चव गेली, मग भावजयीनं तिला स्वयंपाकघरातून उठवून खिडकीत नेऊन बसवलं, आणि खिडकीत बसल्या बसल्या ती आम्हाला विसरली. एकेकाला. मला सगळ्यात शेवटी. मला त्या खिडकीत नाही बसायचं! मी भीतीनं गप्प राहिले, आणि आजही भीतीनंच – फोन केला की ते विचारणार, तू चाखली नाहीस का? काय सांगू मी? म्हणून म्हटलं, आधी खात्री करू, अजून भोंगा कुठे झालाय –

काय? कसली सुट्टी? आज कारखाना बंद आहे? म्हणजे भोंगा – भोंगा होणारच नाही? मग वाजले किती? अहो, वाजले किती!

फोन. फोन आत आहे. थांबा – जाऊ नका, तुम्ही जाऊ नका हं, इथेच थांबा – हा बघा, कुठे आहे यांचं नाव – हं, हे – लागला. वाजतोय. खणात ठेवतात ते फोन, स्क्रूच्या डब्यांखाली. उचला. उचला हो. – उचलला!

अहो, मी. ऐका, डबा उघडू नका. – कधी? किती खाल्ली? – सगळी?

छान? छान काय झाली होती! विष आहे ते, कडूजहर आहे, इथे रोपवाल्यांनी जिभेला लावली तर – ऐका ना माझं, मला बोलू द्या. मी चाखली नव्हती. मला चव कळत नाही हो. कितीतरी महिने झाले. तुम्हाला सांगितलं नाही कारण –

काय?

माहीत आहे?

केव्हापासून माहीत आहे? – बिनमिठाची आमटी? आणि तुम्ही छान म्हणालात? रोज छान म्हणालात ते – आणि आजची? आजची कडू लागली ना? मग खाल्लीत कशाला! मला वाईट वाटेल म्हणून? अहो, मला काय वाटायचं ते वाटू दे, मी बसले असते खिडकीत, हवी तिथे बसले असते! पोटात कसं होतंय? खरं सांगा. आता छान म्हणालात तर याद राखा. – घाम? कसला घाम? पंखा नाहीये का? – हॅलो? अहो? – अहो, बोला की. काहीतरी बोला.

टेम्पो काढा. बाजाराच्या टोकाला, मी दाखवते, आणि तिथून सरळ दवाखान्यात. रोपं पडली तर पडू देत, सगळ्यांचे पैसे देते मी, चला. चपला नकोत. – कडी? बोका? येऊ दे बोका. राहू दे उघडं.

उघडं राहू दे म्हणते ना!