कांडप सुरू करण्याआधी

...आन् वर मलाच म्हणतेत, श्रीमंततात्या, धंदा जरा बघून निवडायचा होता! तुम्हाला सांगतो, मी विचारून केलं. एकाला न्हाई, साऱ्यांना विचारलं. गुडघे गेले, शेती लेकानं धरली, बैलजोडी इकली, आन् तेवढेच पैसे दोघा म्हाताऱ्यांच्या हाताशी. जन्मात कवा धंदा केलेला न्हाई, नांगराच्या पुढचं मला काय ठावं? म्हणून विचारलं.

लातूरचे जावई भागवतराव म्हणले, "मामा, शिकवणीच्या पोरांना डबे द्या, हितं पोरं लई!" आता मी सत्तरी पार केलेला, आमची कारभारीण केवळाबाई, तिची कंबर धरलेली, रोज दोनशे पोळ्या लाटायच्या कुणी? किराणावाले गुरुपादप्पा म्हणले, "तात्या, शेळ्या घ्या." शेळ्यांमागं चालायचं कुणी? चालवंना म्हणून तर बैल सोडले! मग गुरुपादप्पानंच डोकं लावलं, "आपल्या बाया मिरची कांडायला जीप करून जातेत. कांडप टाका. बसून धंदा, पाय हलवायचं काम न्हाई." बसून! त्यो शब्द लई गोड लागला बघा.

तरी विचारून केलं. पार धर्माबादेला जाऊन आडत्याला विचारलं, तिखटाला मिरची कोणती, रंगाला कोणती. लाईटवाल्याला विचारलं. लातूरला मशीन घेतलं, तिथला कारागीर सिद्धलिंग, त्याला तीनदा विचारलं, बाबा, हलंल का रे? "फिकीर नका करू काका. दोन फूट खड्डा घेतो, काँक्रीट ओततो. मशीन तसूभर हलणार न्हाई."

नारळ फोडला, मिरची टाकली, बटण दाबलं. लोखंडाची चार मुसळं, धप्, धप्, धप्, धप्... आन् तुम्हाला सांगतो, सिद्धलिंग खरा माणूस, मशीन बिलकूल हललं न्हाई! गाव हललं. समोरचा धोंडप्पा अर्धी दाढी तशीच, तोंडाला फेस, "भाईर या! भाईर या!" करीत रस्त्यात. त्याची बायको चुलीवरचं दूध सोडून मागं. कुणी नातू काखेत मारलेला, कुणी अनवाणी... मला येड्याला वाटलं, गिऱ्हाईक आलं! मी आपला हात करून राहिलो, "एकेक या, एकेक या, साऱ्यांचं होतंय!"

मग ध्यानात आलं. तरणी पोरं घरातच होती, मोबाईल बघत. भाईर आली ती सारी पंचेचाळिशीच्या पुढची. आमचं गाव किल्लारीच्या शेजारचं हो. त्र्याण्णवच्या त्या पहाटे ज्यांच्या पायाखाली भुई अशीच धपधपली, तीच माणसं. आन् त्यांच्या मागं, लिंबाच्या खोडाला दोन्ही हातांनी धरून, आमची केवळाबाई. त्या दिशी दगडाखालून तिला काढेस्तोवर दुपार झालती.

मी बटण बंद केलं. जवळ गेलो. म्हणलं, "अगं, आपलंच कांडप हाय."

ती म्हणली, "मला ठावं हाय. पायांना ठावं न्हाई."

अख्ख्या जिल्ह्याला विचारलं बघा. घरात तेवढं विचारायचं राहिलं.

म्हणलं, इकून टाकू. तर भंगाराचा भाव आला, आन् बैल काय परत येतेत का? दोन दिसांनी तीच बोलली, "इकू नका. आधी सांगत जा, मग चालू करा. सांगितलेलं सोसतं माणूस."

तवापासून रोज असंच. बाया मिरचीच्या पिशव्या घेऊन बसतेत, मी दारोदार. "धोंडप्पा, चालू करतो बरं का." "थांबा तात्या, दाढी उरकू द्या, गाल कापंल." थांबतो. पुढचं दार. "सून न्हातीय, दम धरा." धरतो. असं पार म्हसोबापस्तोर जाऊन घरी येतो. केवळाबाई लिंबाखाली जाऊन खोडाला टेकती, डोळे मिटती, म्हणती, "करा." ती करा म्हणल्याबिगर मी बटणाला हात लावत न्हाई.

आन् रोज न्हाई, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी, ती "करा" म्हणती आन् लाईट जाती.

मग काय? आली की पुन्हा पहिल्या दारापासून. तुम्हाला सांगतो, विचारून केलं सगळं, आजबी विचारूनच करतो... पण गुरुपादप्पा, बसून धंदा म्हणला होता ना तुम्ही? यापरीस शेळ्या बऱ्या होत्या. संग तरी चालल्या असत्या.